नूतन सोशिक होती, असं कोण म्हणतं?

सेंट्रल_मैदान

परवा आमच्या सोसायटीतल्या कट्ट्यावर जुन्या नट्यांचा विषय निघाला. मीनाकुमारी झाली, वहिदा झाली. नूतनचं नाव निघालं तशा एक बाई पटकन म्हणाल्या, "ती सोशिक भूमिका करणारी ना? सारखी रडायची." मला त्या वेळी नीट उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. म्हणून हा धागा काढते आहे.

माझं लहानपण ठाण्यात गेलं, सेंट्रल मैदानाजवळ, तुरुंगाच्या तटाशेजारच्या गल्लीत. तुरुंग म्हणजे मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी तिथे कैदी ठेवले. रात्री आतले तासाचे टोल आमच्या घरात ऐकू यायचे. आई त्या टोलांवर दुधाला विरजण लावायची. मी आठवीत असताना दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी 'बंदिनी' लागला. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. पडद्यावर तुरुंगाचा पहारेकरी रात्री "सब ठीक है" अशी आरोळी देतो. आमच्या खिडकीतून नेमका त्याच वेळी खरा टोल आला. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्या दिवसापासून 'बंदिनी'तली नूतन, म्हणजे कल्याणी, माझ्यासाठी आमच्या तटाच्या आतली बाई झाली.

आता तो खुनाचा प्रसंग आठवा. कल्याणी त्या दवाखान्यात नोकरी करते. ज्या त्रासिक बाईची ती सेवा करते, ती लग्नाचं वचन देऊन गेलेल्या आपल्या बिकाशची बायको आहे हे तिला कळतं. तिचा शोध घेत आलेले वडील त्याच वेळी अपघातात गेलेले असतात. बाहेर लोखंडाचं काम चाललंय, घणाचे घाव पडताहेत, ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. ती एक शब्द बोलत नाही. आरडाओरडा नाही, की केस मोकळे सोडून थयथयाट नाही. उजेड आला की चेहरा दिसतो, गेला की दिसत नाही, आणि दर वेळी दिसतो तेव्हा तो थोडा बदललेला असतो. हे सोसणं नव्हे. एक बाई निश्चय करते आहे आणि तो निश्चय आपण डोळ्यांदेखत होताना पाहतो. तो चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. आणि चौकशी सुरू झाल्यावर ती स्वतःच गुन्हा कबूल करते, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

माझं म्हणणं एवढंच: नूतन गप्प असते तेव्हा ती सोसत नसते, ठरवत असते. 'सीमा'तली गौरी, 'सौदागर'मधली महजबी, 'मैं तुलसी तेरे आंगन की'मधली संजुक्ता, सगळ्यांना हे लागू पडतं. आपण बायकांच्या गप्प बसण्याला एकच नाव ठेवलंय, 'सोशिक'. ते तिलाही चिकटवून मोकळे झालो.

तुम्हाला काय वाटतं? आणि ठाण्याच्या लोकांनो, मुंब्र्याच्या तिच्या घराबद्दल कोणाला काही आठवतंय का?

रेतीबंदर

ताई, मुंब्र्याचं मी सांगतो. तिचा बंगला इकडे होता, ही गोष्ट आमच्या पिढीच्या मुंब्रा-कळव्याच्या माणसांना माहीत आहे. तेव्हाचं मुंब्रा म्हणजे वर पारसिकचा डोंगर, डोंगरात मुंब्रादेवी, खाली खाडी, मधल्या पट्टीत थोडी वस्ती आणि भरपूर झाडी. पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याचे पांढरे ओघ उतरायचे ते गाडीतून दिसायचे. आता त्या पट्टीत इमारतीला इमारत चिकटली आहे, बायपास झाला आहे. नव्या माणसाला सांगितलं की इथे हिंदी सिनेमाची एवढी मोठी नटी शांततेसाठी येऊन राहायची, तर तो माझ्याकडे बघतच राहतो.

मी तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण माझे वडील ठाण्याच्या एका कारखान्यात होते, आणि आम्ही दिव्याला आत्याकडे निघालो की ते हट्टानं स्लो गाडीच पकडायचे. कारण फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून सरळ दिव्याकडे निघायची, तिला कळवा आणि मुंब्रा लागतच नसे. स्लो मुंब्र्याला टेकली की बाबा खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवायचे, "तिकडे नूतन राहते." दर वेळी तेच वाक्य. आई म्हणायची, "कळलं हो, मागच्या खेपेला सांगितलंत." आमच्या घरात देवांचे फोटो सोडले तर भिंतीवर दुसरा कुणाचा फोटो नव्हता. पण नूतनचं नाव बाबा असं घ्यायचे की जणू आपल्या आळीतली शिकलेली मुलगी आहे.

अनघा_नौपाडा

रेतीबंदरकाका, किती छान लिहिलंत.

आळीतली मुलगी वाटणं साहजिकच होतं. घर मराठी. आई शोभना समर्थ, माहेरच्या शिलोत्री. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. शोभनाबाईंनी सुरुवात केली १९३५ च्या 'विलासी ईश्वर'पासून, मास्टर विनायकांच्या हाताखाली. आणि १९४३ च्या विजय भट्टांच्या 'रामराज्य'मधल्या सीतेनं त्या घराघरांत पोचल्या. नलिनी जयवंत त्यांच्या नात्यातल्या. नूतनचा जन्म ४ जून १९३६ चा, चार भावंडांत थोरली. तनुजा, चतुरा आणि जयदीप ही धाकटी.

मला नेहमी नवल वाटतं ते याचं, की ज्या आईला लोक सीता म्हणून हात जोडायचे तिच्याच पोटची ही मुलगी, आणि हिला दिसण्यावरून बोल ऐकावे लागले. काळी, किडकिडीत म्हणून. १९५० मध्ये आईनं स्वतः निर्मिती-दिग्दर्शन करून 'हमारी बेटी'त हिला उभं केलं तेव्हा ही चौदा वर्षांची. पुढच्या वर्षी 'नगीना' आला. त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, आणि हिचं वय पंधरा! स्वतः नायिका असलेल्या चित्रपटाला हिला थेटरात सोडलं नाही. त्याच वर्षी 'हम लोग' आला. मग आईनं शिकायला स्वित्झर्लंडला पाठवलं. परत आल्यावर 'सीमा', १९५५. इथून खरी नूतन सुरू झाली असं मी धरते.

आणि गोऱ्या रंगाचा विषय निघालाच आहे तर बघा, 'बंदिनी'तलं "मोरा गोरा अंग लइ ले" हे गुलजारांचं चित्रपटातलं पहिलं गीत. गोरा रंग घे आणि सावळा दे, म्हणजे रात्रीच्या अंधारात मिसळून जाता येईल. ज्या मुलीला रंगावरून बोललं गेलं तिच्या तोंडी हे गाणं आलं. ते ऐकताना दर वेळी माझा गळा दाटून येतो.

वाशी_सेक्टर_सतरा

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि ते सरळ सांगतो.

'बंदिनी'चा शेवट बघा. एकीकडे तुरुंगाचा डॉक्टर देवेन. तरुण आहे, तिचा भूतकाळ माहीत असूनही लग्नाला तयार आहे, त्याच्या आईनंही होकार कळवलाय. दुसरीकडे बिकाश. ज्यानं वचन देऊन दुसरीशी लग्न केलं, जो आता क्षयानं खंगलाय. कल्याणी गाडी सोडून बोटीकडे धावते. याला तुम्ही निश्चय म्हणणार? मला तर ती शिकवलेली सवय वाटते. पहिला पुरुष तोच खरा, तो कसाही असो. गाण्यातसुद्धा तेच आहे, मी प्रियकराची बंदिनी. 'बंदिनी' हे नाव काय उगाच दिलंय? अभिनय अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अभिनयाच्या जोरावर आपण कथेला नसलेलं धैर्य बहाल करतोय असं मला वाटतं.

सेंट्रल_मैदान

वाशीकर, तुमचा आक्षेप बिनतोड आहे, मी स्वतःही कितीदा त्यापाशी अडखळले आहे. बिकाशच्या बाजूनं एक गोष्ट आहे: त्याला पक्षाच्या कामासाठी ते लग्न करावं लागलं हे कल्याणीला अगदी शेवटी, त्या घाटावर कळतं. पण तो भाग बाजूला ठेवू.

मी पाहते ते तिचे पाय. बोटीचा भोंगा होतो, फळी काढायला घेतात. ती आधी बसून आहे, उठते, थांबते, मागे गाडीकडे बघते. सचिनदांचा, म्हणजे सचिन देव बर्मन यांचा, आवाज "ओ रे माँझी" म्हणत असतो. आणि मग ती पळते. देवेनकडचं आयुष्य स्वच्छ आहे, पण ते तिला मिळालेलं दान आहे. तिथं तिला जन्मभर उपकारात राहावं लागलं असतं. बिकाशकडे ती बरोबरीनं जाते. त्यानं चूक केली, तिनं खून केला, दोघंही हिशेब देणं लागतात. सिनेमाच्या सुरुवातीलाही तुरुंगातल्या क्षयाच्या म्हातारीची सेवा करायला कोणी पुढे होत नाही, हीच आपण होऊन जाते. म्हणजे आजाऱ्याजवळ जाण्याचा तिचा स्वभाव बिकाशसाठी तयार झालेला नाही, आधीपासूनचा आहे.

तुम्हाला पटेलच असं नाही.

वाशी_सेक्टर_सतरा

निम्मं पटलं. म्हातारीची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पुन्हा बघतो.

स्वर_घंटाळी

मी गाण्याच्या बाजूनं लिहितो. 'सीमा'तलं "मनमोहना बड़े झूठे" काढा. राग जयजयवंती, संगीत शंकर-जयकिशन, आवाज लताबाईंचा. ताना आहेत, सरगमच्या जागा आहेत. अशा गाण्यात पडद्यावरची नटी नुसती ओठ हलवून सुटते, कॅमेराही मग तिच्या हातांकडे नाहीतर खिडकीबाहेर बघतो. इथे कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे. तान सुरू व्हायच्या आधी नूतनचा श्वास बरोबर भरला जातो, गळ्याची शीर हलते, सम येते तिथं नजर स्थिर होते. कारण बाई स्वतः गाणाऱ्या होत्या. 'छबिली'त, १९६० मध्ये, तिनं स्वतःच्या आवाजात गाणी म्हटली आहेत. "ऐ मेरे हमसफर" एकटीनं, आणि "लहरों पे लहर" हेमंतकुमारांबरोबर. संगीत आपल्या स्नेहल भाटकरांचं, दिग्दर्शन आईचं, आणि तनुजाही त्यातच. हेमंतकुमारांच्या त्या खर्जाशेजारी तिचा आवाज अजिबात दबत नाही. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आजच्या आज ऐका.

गौरीबद्दल थोडं. ती सोशिक कुठल्या अर्थानं? चोरीचा खोटा आळ आल्यावर आश्रमात टाकलेली ही पोर काचा फोडते, वस्तू भिरकावते, पळून जाऊन आळ घेणाऱ्याला बदडते. बलराज साहनींसारखा नट समोर, आणि एकोणीस वर्षांची ही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहते. पहिलं फिल्मफेअर तिला याच भूमिकेवर मिळालं.

कोपरी_पूल

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. 'सुजाता'बद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

१९५९ चा चित्रपट, ब्राह्मण घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीचा. नागपूरच्या दीक्षेला तीन वर्षं झालेली. माझे आजोबा त्या दीक्षेला गेलेले, मग कोपरीत आलेले. आमच्या घरात 'सुजाता' दोन प्रकारे पाहिला गेला. आजोबांना राग यायचा. म्हणायचे, मुलगी गरीब गाय होऊन राहिली, घरातलं सगळं काम केलं, शेवटी स्वतःचं रक्त दिलं, तेव्हा कुठं ती माणूस ठरली. रक्त जुळलं नसतं तर? गांधींचा पुतळा दाखवला, टागोरांची 'चंडालिका' दाखवली, पण त्या मुलीला भांडायला एकही वाक्य दिलं नाही. आजोबांचं हे म्हणणं मला आजही बरोबर वाटतं.

आजीला मात्र तो चित्रपट फार जवळचा. तिचं कारण एक शब्द होता. घरी पाहुणे आले की सुजाताची ओळख करून देताना म्हणतात, ही आमची मुलगी नव्हे, मुलीसारखी. 'सारखी'. आजी नौपाड्यात एका घरी स्वयंपाकाला होती, तीस वर्षं. त्या घरचे चांगले होते, सणाला साडी द्यायचे, आणि सगळ्यांना सांगायचे, ही आमच्या घरच्यासारखी. आजी म्हणायची, तो 'सारखी' ऐकला की पोटात काय होतं ते त्या बाईनं तोंडावर दाखवलंय. नूतन तिथं काही करत नाही. हातातली वस्तू खाली ठेवते, पदर सारखा करते. आजी तेवढ्यावर थांबायची आणि पुढचं बघायची नाही.

सोशिक की नाही हे मला ठरवता येत नाही. कथेनं तिला सोशिक ठेवलं, नूतननं ते पूर्ण मान्य केलं नाही, असं काहीतरी मला वाटतं.

सेंट्रल_मैदान

कोपरी_पूल, दादा, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या धाग्यापेक्षा नेमकं आहे. मला हेच म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. आजोबांचा रागही इथं नोंदला गेला हे फार चांगलं झालं.

अनघा_नौपाडा

मी नौपाड्यातलीच. वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्याही घरी 'घरच्यासारखी' हा शब्द असाच वापरला जायचा आणि मीही तो वापरलाय.

'सुजाता'त आणखी एक आहे. घर बंगाली, गोष्ट सुबोध घोषांची, दिग्दर्शक बिमल रॉय. आणि त्या घरातल्या बायका बघा: सुजाता नूतन, तिला वाढवणारी चारू म्हणजे आपल्या सुलोचनादीदी, सोवळंओवळं घेऊन बसलेली आत्याबाई ललिता पवार, आणि बहीण रमा म्हणजे सोलापूरची शशिकला. चौघीही मराठी! चारूच्या मनातली ओढाताण दीदींनी ज्या तऱ्हेनं केली आहे, प्रेम आहे पण हात पुढे होत नाही, ती कुठल्याही मराठी माजघरात बघायला मिळाली असती. म्हणून तर कोपरीच्या आजींना ते नौपाड्यातलं वाटलं.

स्वर_घंटाळी

आणि टेलिफोन! "जलते हैं जिसके लिए". तलत महमूद, सचिनदा. नायक पलीकडून गातोय, ती ऐकते आहे. अख्ख्या गाण्यात तिला एकही ओळ नाही. हिंदी सिनेमात नायिकेला ओळ नसलेलं प्रेमगीत, आणि आपण बघतो मात्र तिच्याकडे. सुनील दत्त उत्तम आहेत, पण कोणाला विचारा, गाणं म्हटलं की तिचा रिसीव्हरला टेकलेला चेहरा आठवतो. आनंद होतोय आणि त्या आनंदाचा आपल्याला हक्क नाही असंही वाटतंय, दोन्ही एकाच वेळी. मी पन्नास वेळा पाहिलंय. ती हे कशानं करते ते अजून मला सापडलेलं नाही.

नेरूळची_मुक्ता

मी इथे वयानं सगळ्यात लहान असेन, सव्वीस. आजीमुळे जुने सिनेमे बघते. माझी नूतन तुमच्यापेक्षा वेगळी आहे. मी पहिल्यांदा पाहिली ती 'तेरे घर के सामने'मध्ये, कुतुबमिनारच्या जिन्यातल्या त्या गाण्यात, देव आनंदबरोबर. मग 'पेइंग गेस्ट', मग 'दिल्ली का ठग'. किशोरकुमारबरोबर ती काय धमाल करते! पोहण्याच्या पोशाखात आली म्हणून तेव्हा किती बोललं गेलं म्हणे, आणि ती किती सहज वावरते त्यात. मला तर ती रडकी कधी वाटलीच नाही. इतकी मोकळी हसते की तिच्या हसण्यानं समोरचा नट चांगला वाटायला लागतो.

एक विचारू का? लग्नानंतर तिनं काम सोडलं होतं ना? मग 'बंदिनी' कसा केला?

अनघा_नौपाडा

मुक्ता, लग्न ११ ऑक्टोबर १९५९ ला झालं, नौदलातले अधिकारी रजनीश बहल यांच्याशी. १९६१ मध्ये मोहनीश झाला. ती थांबायच्या विचारात होती, बिमलदांनी कल्याणीसाठी तिलाच धरून ठेवलं. 'बंदिनी' १९६३ चा, 'तेरे घर के सामने'ही त्याच वर्षीचा! एका वर्षात कल्याणी आणि ती कुतुबमिनारवाली, दोन्ही.

आणि लक्षात घे, तेव्हा लग्न झालं, मूल झालं की नायिकेचं दुकान बंद व्हायचं. हिचं उलट झालं. 'मिलन' १९६७, 'सरस्वतीचंद्र' १९६८, 'सौदागर' १९७३, आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' १९७८, तेव्हा ही बेचाळीस वर्षांची. त्यावरही प्रमुख अभिनेत्रीचं फिल्मफेअर. एकूण पाच झाले: सीमा, सुजाता, बंदिनी, मिलन, तुलसी. पुढे 'मेरी जंग'साठी सहायक अभिनेत्रीचं मिळालं ते वेगळं. पाचाशी बरोबरी केली ती घरातल्याच मुलीनं, तनुजाच्या काजोलनं, २०११ मध्ये. पद्मश्री १९७४ ची.

'तुलसी'ची गोष्ट आपल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'अशी तुझी प्रीत' या कादंबरीवरची, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

रेतीबंदर

'सौदागर'चं नाव आलं म्हणून पुन्हा लिहितो. माझा सगळ्यात आवडता. बंगालातली खजुरीची झाडं, मोती म्हणजे अमिताभ झाडावर चढून रस काढणारा. महजबी विधवा, वयानं मोठी, पण तिच्यासारखा गूळ पंचक्रोशीत कोणी करत नाही. मोती तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हातच्या गुळासाठी. गूळ विकून दुसऱ्या तरुण पोरीच्या मेहेरचे, म्हणजे निकाहात नवऱ्यानं द्यायचे, पैसे उभे राहिले की हिला तलाक देतो. मग नवी बायको रस करपवते, बाजारात मोतीचं नाव जातं.

त्यात नूतनचे हात बघा. कढईत रस उकळतोय, ती ढवळते, बोटावर घेऊन पाक बघते, चुलीतलं जळण मागे ओढते. आमची आई काकवी करायची ना, अगदी तीच नजर. कारागिराची नजर. मोतीनं तिला टाकलं तेव्हा तिचं दुःख नुसतं बायकोचं नाही, कारागिराचंही आहे. माझ्या कामाची किंमत घेतली आणि मला काढून टाकलं. माझ्या वडिलांच्या कारखान्याला टाळं लागलं त्या वर्षी मी हा सिनेमा पाहिला. बाबा शेजारी बसले होते. शेवटी मोती रसाची मडकी घेऊन तिच्या दाराशी येतो, गूळ करून दे म्हणून, तेव्हा बाबांनी डोळे पुसले. त्याआधी त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

नेरूळची_मुक्ता

काका...

मराठीत तिनं काम का केलं नाही?

अनघा_नौपाडा

केलं आहे, 'पारध'मध्ये. पण मराठीला ती फारशी मिळाली नाही हे खरं, आणि त्याची मला हळहळ वाटते. घरची भाषा मराठी, आणि पडद्यावर तिची मराठी ऐकायला मिळाली ती इतकी थोडी. दूरदर्शनवर मात्र १९८८ च्या सुमाराला 'मुजरिम हाजिर'मध्ये यायची, कालीगंजची बहू. बिमल मित्रांच्या कादंबरीवरची मालिका. आमच्या इमारतीत त्या वेळेला जिन्यात चिटपाखरू नसायचं.

पाचपाखाडी_सुहास

दिलीपकुमार-नूतन जोडी तरुणपणी जमली असती तर, असं नेहमी वाटतं. 'शिकवा' सुरू होऊन अर्धवट राहिला, आणि दोघं एकत्र आली ती थेट १९८६ च्या 'कर्मा'त, ती पन्नाशीची आणि ते साठी ओलांडलेले. तेवढ्यात समाधान मानायचं.

सेंट्रल_मैदान

शेवटच्या दिवसांबद्दल एवढंच लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना तेच दुखणं होतं आणि काळही तोच होता. १९९० मध्ये तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. २१ फेब्रुवारी १९९१ ला ब्रीच कँडी रुग्णालयात ती गेली. चोपन्न वर्षांची होती. हातात घेतलेली काही कामं अर्धी राहिली, काही चित्रपट ती गेल्यावर लागले.

सासूबाई तेव्हा अंथरुणावर होत्या. त्या काळी या दुखण्याचं नाव घरात कोणी मोठ्यानं घेत नसे, शेजारपाजारी तर नाहीच. आम्हीही 'अशक्तपणा' म्हणायचो. नूतनची बातमी पेपरात आली, तो पेपर मी लपवून ठेवला. त्यांनी मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी करून उशाशी ठेवला. संध्याकाळी भेटायला बहीण आली तेव्हा पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, "मला कॅन्सर आहे. नूतनला होता तोच." आवाज अगदी साधा. बहिणीनं रडायला सुरुवात केली, तर सासूबाईंनीच तिला पाणी दिलं.

कट्ट्यावर मला हे सांगता आलं नव्हतं.

कोपरी_पूल

ताई, वाचलं. आजीला वाचून दाखवतो, ती आता नव्वदीची आहे.

वाशी_सेक्टर_सतरा

रविवारी 'बंदिनी' पुन्हा पाहिला, बायको आणि मी. शेवटाबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण ती पळायच्या आधी जी थांबते ते या वेळी दिसलं. मागच्या वेळी मी ते बघितलंच नव्हतं, गाणं ऐकत बसलो होतो. बायको म्हणाली, तुम्हाला देवेनची दया येते म्हणून तुम्ही तिच्यावर चिडता. त्यावर दोन दिवस विचार करतोय.

रेतीबंदर

काल नातीला घेऊन दिव्याला निघालो. मुद्दाम स्लो पकडली. मुंब्र्याला गाडी थांबल्यावर डोंगराकडे बोट केलं आणि बाबांचं वाक्य म्हणून पाहिलं, फक्त 'राहते'च्या जागी 'राहायची' घातलं. बारा वर्षांची आहे. म्हणाली, कोण नूतन? खिडकीतून इमारतींमागे डोंगराचा वरचा तेवढा हिरवा भाग दिसत होता.

मोबाइलवर 'सुजाता'तलं "काली घटा छाए" लावून दिलं. एक कान तिचा, एक माझा. गर्दी होती, तिनं स्क्रीन अगदी नाकाशी धरली. मधेच म्हणाली, आजोबा, ही काहीच करत नाहीये, नुसती बघतेय. मी म्हटलं, हो. दिवा आलं तरी गाणं थोडं राहिलं होतं, ते तिनं फलाटावर उभं राहून पूर्ण केलं.

हा अख्खा सिनेमा चांगल्या प्रिंटमध्ये कुठे बघायला मिळेल ते कोणी सांगेल का? घरच्या टीव्हीवर लावायचा आहे.